‘तपासणी’ हा शब्द मी निवडला

संपादक मला ओळखतात, महापालिकेतले कारकून ओळखतात, आणि त्यांतले बहुतेक माझे अक्षर दिसताच कपाळाला हात लावतात. बुजवलेले गटार असो, चुकीची पाटी असो, भाडेकरूला बेकायदा दिलेली नोटीस असो — जिथे नियम मोडला तिथे माझे पत्र गेले. एका गोष्टीवर मात्र मी कधी ओळही लिहिली नाही. बोललोही नाही. माझी पत्नी हे न कळताच गेली. माझी मुले मला तत्त्वाचा माणूस समजतात. तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतो आहे, आणि खाली मान घालून सांगण्याचा माझा विचार नाही.

निमित्त सांगतो. लालबागच्या एका मंडळाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या आठवणींचे पुस्तक काढायचे ठरवले आहे. त्यांची दोन माणसे गिरगावात माझ्या घरी आली. चहा झाला. मग त्यांतला एक म्हणाला, “काका, परळच्या इस्पितळात मराठी तुम्ही आणलीत. त्यावर दोन-चार पानं लिहून द्या ना. नव्या पिढीला कळू दे.” मी बरे म्हटले. ही ती पाने. छापायची की चुलीत घालायची, ते त्यांचे त्यांनी पाहावे.

त्या वर्षांत मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात कारकून होतो. सकाळी कायद्याच्या वर्गाला बसायचे, तिथून थेट कामावर. खोताच्या वाडीच्या अलीकडे आमची चाळ. सदऱ्याला इस्त्री, खिशाला पेन आणि डोक्यात आग — असा मी होतो. रोगी मला वकीलसाहेब म्हणत. मी अजून वकील झालो नव्हतो. पण ते म्हणत आणि मी म्हणू देत असे. हे लहान खोटे आहे असे तुम्ही म्हणाल. मोठे पुढे येते.

शस्त्रक्रियेआधी रोग्याची संमती घेत. ती कशी? इंग्रजीत छापलेला कागद पुढे करायचा आणि ‘इथं अंगठा’ एवढे मराठीत म्हणायचे. गिरणीत आयुष्य घालवलेला माणूस, ज्याला स्वतःचे नाव मराठीत लिहिता येत नाही, तो इंग्रजी कागदावर अंगठा उठवणार आणि त्याला आपण संमती म्हणणार? रस्त्यात लोक मराठी राज्यासाठी लाठ्या खात होते, गोळ्या खात होते, आणि इथे आत, पोट फाडून घेण्याची परवानगी परक्या भाषेत उकळली जात होती. मी पत्र लिहिले. जे समजले नाही त्याला दिलेला होकार हा होकारच नव्हे, असे त्यात ठणकावून मांडले. ते छापून आले. मग दुसरे. मग तिसरे. शब्द न् शब्द खरा होता. आजही आहे. त्यातला एकही मी मागे घेत नाही.

आमचे अधीक्षक मराठीच होते. पण मराठीत बोलायची वेळ आली की चुकून उष्ट्याला हात लागल्यासारखा चेहरा करत. त्यांनी मला बोलावले.

“कागद तुम्हांला कळतो का?” त्यांनी विचारले.

“मला कळतो, साहेब. ज्याचं पोट कापायचं आहे त्याला कळत नाही.”

“त्याला मराठीतसुद्धा कळणार नाही. कळण्याचा प्रश्न भाषेचा नसतो, मिस्टर. उगाच ह्या लोकांना जास्त सांगाल तर घाबरतील आणि नाही म्हणतील. पण ठीक आहे. तुमची हौस होऊन जाऊ दे. यापुढे तुम्हीच सांगा. आणि नकार वाढले, तर जुना कागद पुन्हा सुरू. मान्य?”

मी मान्य केले. त्या ‘मान्य’ शब्दातच सापळा होता, हे कायदा शिकणाऱ्याला कळू नये? लोक होकार देतील तरच त्यांना भाषा समजली, असा तो करार होता. नकार देणाऱ्यालाही समजलेलेच असते — किंबहुना त्यालाच समजलेले असते — हे मी तिथल्या तिथे बोलायला हवे होते. बोललो नाही. जिंकल्याच्या भरात होतो.

आता डॉक्टर सबनीस. भूल देणारे डॉक्टर, बुटके, कमी बोलणारे. भूल दिलेल्या माणसाचा श्वास चालू राहावा म्हणून तोंडातून श्वासनलिकेत रबराची नळी सरकवतात. ती सरकवताना जीभ उचलून धरायला एक वाकडे पाते लागते. मान आखूड असली, दात पुढे असले, की ते पाते नीट बसत नाही आणि तेवढ्या वेळात माणूस निळा पडू लागतो. सबनिसांनी स्वतः आखणी करून एका कारखान्यात वेगळ्या धर्तीचे उपकरण घडवून घेतले होते. घशाच्या आकाराप्रमाणे वळवलेली पोलादी पन्हळ म्हणा ना — तिच्यावरून नळी आपोआप ठिकाणावर जावी अशी. काही रोग्यांवर त्यांनी ती वापरली होती. चांगली चालली होती. आता आणखी रोग्यांवर वापरून पाहायची होती.

त्यांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, “हे नवं आहे, अजून अजमावून बघतोय, असं स्पष्ट सांगा. नको म्हटलं तर जुन्याच पात्यानं करू, ऑपरेशन अडणार नाही, हेही सांगा.” हे त्यांचे शब्द. ते मी बदलून सांगत नाही, कारण त्या सगळ्या प्रकरणात ज्याचे हात स्वच्छ होते असा तो एक माणूस होता.

मी शब्द शोधला. ‘प्रयोग’. पुस्तकी मराठीत तोच बरोबर. आणि मी वॉर्डात गेलो.

पहिलीच एक म्हातारी, साताऱ्याकडची, लालबागला मुलाकडे राहणारी. मी खुर्ची ओढून व्यवस्थित सांगितले की डॉक्टरांना नव्या साधनाचा प्रयोग करायचा आहे. ती उठून बसली.

“पर्योग? आरं बाबा, पर्योग त्या गिरगावात नाटकवाल्यांचं. माझ्या नरड्यात कसला पर्योग करतायसा? तिकीट लावलंय का भायेर?”

अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरची म्हणाली, “आज्जे, पयल्या रांगेतलं तिकीट मला ठेव गं!” म्हातारीने नकार दिला. तिचे बघून दुसरीने दिला. पुरुषांच्या वॉर्डात बातमी माझ्याआधी पोचली होती. मी दारात दिसताच कुणीतरी पडदा ओढल्याचा अभिनय करून तोंडानेच तुतारी वाजवली. नकार, नकार, नकार. त्यांना सगळे कळले होते, ते हसत होते आणि नाही म्हणत होते. याहून समजून-उमजून दिलेले उत्तर मी पुढे कोर्टातही फारसे पाहिले नाही. तो माझा विजय होता. आणि मला तो पराभव वाटला!

अधीक्षकांनी निरोप पाठवला. सोमवारपासून जुना कागद.

आता तुम्ही अंदाज बांधाल. बांधा. पण कारणांचा अंदाज बांधताना माझ्यावर दया करू नका. डॉक्टरांनी दबाव आणला नव्हता. नोकरी जाणार नव्हती. मला फक्त हरायचे नव्हते — त्या अधीक्षकांसमोर, त्यांच्या टेबलासमोर, मराठीच्या मुद्द्यावर. मराठी जिंकावी म्हणून मी मराठीतच खोटे बोलायचे ठरवले. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली.

सोमवारच्या आधी ज्याची संमती घ्यायची होती तो भिकाजी राणे, वॉर्डातल्या त्या हशानंतर दाखल झालेला. मालवणकडचा. लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा. पित्ताचे खडे झाले होते. पण त्याला सारा लालबाग ओळखत होता तो साच्यांमुळे नव्हे. मोर्चात घोषणेचा पहिला अर्धा भाग भिकाजी द्यायचा. तोही असा की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपली पाळी कधी येणार ते बरोबर समजायचे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ — एवढे तो म्हणाला की पुढचे ‘झालाच पाहिजे’ रस्ताच म्हणायचा. ध्वनिक्षेपक बंद पडला तर पुढारी त्याला शोधत. सांगण्यासारखी दुसरी कुठलीही गोष्ट त्याच्यापाशी नव्हती, असे तो स्वतःच म्हणे. घरात भाऊ शिकलेला, मेहुणा पैसेवाला, याच्याकडे आवाज.

खाटेशी त्याची बायको सत्यभामा बसली होती. काटक बाई, नाकात चमकी, मांडीवर पेजेचा डबा. भिकाजी मला पाहून खूश झाला. मोर्चात आम्ही एकमेकांना पाहिले होते. आपला माणूस. मी बसलो. आणि मी म्हणालो — शब्दशः सांगतो, मला ते पाठ आहे — “भूल दिल्यावर डॉक्टर एका नव्या साधनाने तुमच्या घशाची तपासणी करतील आणि नळी घालतील.”

तपासणी. प्रयोग नव्हे, तपासणी.

काय फरक आहे? सांगतो काय फरक आहे. ‘प्रयोग’ म्हटले की साधनाची परीक्षा होते, आणि रोगी हा ती परीक्षा जिच्यावर चालते ती जागा असतो. ‘तपासणी’ म्हटले की रोग्याचीच काळजी घेतली जाते आहे असे वाटते. एका शब्दाने मी उपकरणाच्या बाजूचा डॉक्टर रोग्याच्या बाजूला आणून उभा केला. आणि नको म्हणता येईल, जुने पाते आहे — ते मी सांगितलेच नाही.

भिकाजीने विचारले. हो, त्याने विचारले. “ओ वकीलसायेब, ह्येच्यान माझो आवाज जावचो नाय मां?”

इथे मला पुन्हा एक दार उघडे होते. इतके उघडे, की त्यातून न जाण्यासाठी माणसाला प्रयत्न करावा लागेल. मी हसलो. म्हणालो, “अहो राणे, तपासणीने कुणाचा आवाज गेलाय का? उलट गळ्यात काही असलं तर आधीच कळेल.”

“मग बरां झाला,” तो बायकोला म्हणाला. “फुकटात गळोय बघून घेतत.” आणि त्याने अंगठा दिला. सबनिसांनी मला विचारले, सगळे सांगितले ना, हो म्हणाला ना? मी म्हटले, हो. होकार आला म्हणून अधीक्षकांनी सोमवारचा हुकूम मागे घेतला.

खडे निघाले. भिकाजी वाचला. आवाज बसला. सबनीस म्हणाले, काही दिवस बसतो, येईल. तो आला नाही. एक चिरका वारा तेवढा राहिला. समोरासमोर बसून ऐकावा असा. सबनिसांनी त्याला पुन्हा पुन्हा बोलावले, आरशाने घसा पाहिला, दुसऱ्या इस्पितळातल्या गळ्याच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेले. शेवटी ते साधन त्यांनी कपाटात ठेवले आणि पुन्हा कुणावर वापरले नाही.

त्या पोलादी पन्हळीनेच आवाज गेला का? याचा पुरावा नाही. जुन्या पात्यानेही कुणाकुणाचा घसा दुखावतो. हा युक्तिवाद मी स्वतःशी अनेक वर्षे केला आणि दर वेळी स्वतःला निर्दोष सोडले. किती सोयीचे न्यायाधीश असतो आपण! आज मी तो युक्तिवाद फेटाळतो. माझा अपराध नळी त्याच्या घशात जाण्यापूर्वीच पूर्ण झाला होता. आवाज शाबूत राहिला असता तरी तो झालाच होता. मी एका माणसाचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क चोरला. पुढे जे झाले त्याने फक्त त्या चोरीची किंमत सगळ्यांना ऐकू आली.

मी ती ऐकली. लालबागच्या नाक्यावर सभा होती. लोकांनी सवयीने भिकाजीला पुढे ढकलले. काहींना माहीतच नव्हते. त्याने मान वर केली, छाती भरली, तोंड उघडले. पुढे उभ्या असलेल्यांना फक्त सूंऽऽ असे ऐकू आले असेल. मागे कुणालाच काही नाही. लोक आपली पाळी यायची वाट पाहत राहिले. ती पाळी आलीच नाही. मग कुणीतरी दुसऱ्याने घोषणा दिली, गर्दी ओरडली, आणि भिकाजी त्या ओरडण्यात हसत, हात वर करून उभा राहिला, जणू ती त्यानेच दिली होती. मी गर्दीत होतो. मीही ‘झालाच पाहिजे’ म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

हे सांगून झाले असे वाटते का तुम्हाला? मलाही वाटले होते. इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल — तरुण होता, लढ्याच्या धुंदीत होता, हेतू चांगला होता. हा उदारपणा तुमच्यापाशीच ठेवा. आणि दुसरे कुणी असे म्हणत असतील, की बघा, मराठीत सांगण्याचा हट्ट धरला त्याचा हा परिणाम — तर त्यांना मी या वयातही पत्र लिहीन, आणि ते मऊ नसेल. मागणी बरोबर होती. भाषा बरोबर होती. खोटा मी होतो. माझा खोटेपणा मराठीच्या माथी मारायचा अधिकार मी कुणालाही देत नाही, मलासुद्धा नाही.

सत्यभामाबाई तक्रार घेऊन आल्या. भरपाई मागायला नव्हे. त्यांना एवढेच विचारायचे होते, की असे होऊ शकते हे आम्हाला कुणी का सांगितले नाही? अधीक्षकांनी सबनिसांना बोलावले, मला बोलावले. बाई टेबलासमोर उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटले नाही. मीही नाही.

सबनीस म्हणाले, “साधन नवीन होतं. जबाबदारी माझी आहे.”

अधीक्षक म्हणाले, “पण पेशंटला सांगितलं होतं ना? हे सांगणार होते ना मराठीत?” आणि माझ्याकडे पाहिले.

“ह्येनी तपासणी म्हटल्यानी,” सत्यभामाबाई म्हणाल्या. माझ्याकडे बोट केले नाही. फक्त मान वळवली. “माझ्या कानांनी आयकलंय मी. प्रयोग करतत असा म्हटल्यानी असता, तर आमी नाय म्हटला असता. त्या म्हातारेन नाय म्हटल्यान, तसा आमी पण म्हटला असता.”

खोलीत पंखा फिरत होता. सबनीस माझ्याकडे पाहत होते — आरोपाने नव्हे, विश्वासाने. त्यांना वाटत होते, मी आता म्हणेन की बाईंचा गैरसमज झाला आहे, आणि तो का झाला ते समजावून सांगेन. सत्य सांगायला एक वाक्य पुरेसे होते. बाई खरे सांगत आहेत. एवढेच.

मी म्हणालो, “मी सर्व स्पष्ट मराठीत सांगितलं होतं, साहेब. पण बाई अशिक्षित आहेत. प्रयोग काय, तपासणी काय — त्यांना शब्दांतला फरक कळत नाही.”

हे मी म्हणालो. ज्याने वर्तमानपत्रात छाती पुढे काढून लिहिले होते की गिरणगावातल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा, त्याला सारे कळते — तो मी. अधीक्षक खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. ते खिजवणारे नव्हते, आपलासा माणूस सापडल्याचे होते. “दॅट्स व्हॉट आय हॅव ऑल्वेज सेड,” ते म्हणाले. मग मला म्हणाले, “बसा ना.”

मी बसलो.

सत्यभामाबाईंनी पदर खांद्यावरून पुढे घेतला. “माका कळला हां, वकीलसायेब,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तक्रार निकाली निघाली. मराठीत सांगण्याची पद्धत चालू राहिली, कारण ती राबवणारा माणूस भरवशाचा निघाला होता. माझे नाव झाले. त्या नावावर मी पुढे वकील झालो, पत्रे लिहिली, सत्कार घेतले. सबनीस ते प्रकरण आपली चूक समजून जगले आणि तसेच गेले. मी त्यांच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. भिकाजी गिरणीत काम करत राहिला. साच्यांच्या खडखडाटात तिथे कुणालाच कुणाचे ऐकू येत नाही, म्हणून त्याला तिथे त्रास नव्हता, असे कुणीतरी मला सांगितले. मी त्याला भेटायला गेलो नाही. त्याच गल्लीतून अनेकदा गेलो. त्याच्या दारावरून जाताना दुसऱ्या बाजूला पाहत असे. ती दोघेही आता नाहीत.

त्या पुस्तकात माझे नाव ठेवावे की वगळावे, याविषयी माझी काहीही सूचना नाही. क्षमा मी मागत नाही. ती देऊ शकणारी माणसे उरलेली नाहीत, आणि इतर कुणाला ती देण्याचा अधिकार नाही. मला फक्त एक नोंद दुरुस्त करायची आहे. ती इस्पितळाच्या कुठल्याही दप्तरात नाही, माझ्या तोंडी आहे, म्हणून माझ्याच तोंडून करतो.

भिकाजी राणे यांच्या पत्नी सत्यभामा यांना शब्दांतला फरक कळत होता. तो त्यांना कळत नाही, असे मी त्यांच्यासमक्ष म्हणालो. ते खोटे होते, आणि म्हणताना ते खोटे आहे हे मला माहीत होते.